जगभरातले दुर्लक्षित अल्बम शोधायचेत? यूट्यूब, स्पॉटिफाय की लेबल धरून

फुकटात आणि आत्ताच्या आत्ता ऐकायचं असेल तर यूट्यूब, त्यात वादच नाही. पण चार-सहा महिन्यांनी आपल्याकडं खरंच काहीतरी वेगळं जमलेलं पाहिजे असेल तर मी म्हणेन लेबल धरा, म्हणजे अल्बम काढणारी एखादी छोटी कंपनी, का ते सांगतो.

यूट्यूबला कमी समजू नका हं. जपानच्या मिदोरी ताकादाचा १९८३ चा ‘थ्रू द लुकिंग ग्लास’, मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वगैरे वाजवलेला एकदम शांत अल्बम, कितीतरी वर्षं कुणाला माहीत नव्हता, मग यूट्यूबच तो आपणहून लोकांना दाखवत सुटलं आणि २०१७ ला तो नव्यानं निघाला. कोलकात्याच्या रूपा बिस्वासचा ‘डिस्को जॅझ’ पण तसाच. १९८२ चा, कॅनडात कॅलगरीला रेकॉर्ड केलेला, आशिष खान यांचा सरोद आहे त्यात, आणि तेव्हा कुणी विचारलं नाही! २०१९ ला अमेरिकेतल्या न्युमेरो ग्रुप या लेबलनं परत काढला. अडचण एवढीच की यूट्यूब एकदा जपानकडं वळलं की आठवडाभर जपानच, आणि बऱ्याचदा एक सुटं गाणं मिळतं, वाजवलंय कुणी, साल कुठलं, काही पत्ता नसतो.

स्पॉटिफाय नीटनेटकं आहे, अख्खा अल्बम मिळतो, पण नाव आधी माहीत पाहिजे. ऐकायला चांगलं, शोधायला नाही.

आता लेबल. ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका हा ब्लॉग ब्रायन शिमकोविट्झनं २००६ ला आफ्रिकेतल्या कॅसेटी लोकांना ऐकवायला सुरू केला, पुढं त्याचंच लेबल झालं. इथिओपियात फिरताना त्याला हाइलू मेर्गियाची १९८५ ची कॅसेट सापडली, अकॉर्डियन, सिंथेसायझर, ड्रम मशीन, सगळं एकट्यानं वाजवलेलं. माणूस शोधला तर तो वॉशिंग्टनला टॅक्सी चालवत होता! २०१३ ला अल्बम परत निघाला, मेर्गिया पुन्हा स्टेजवर आला आणि २०१८ ला नवा अल्बमसुद्धा केला. म्हणून मला लेबल आवडतं, तिथं कुणीतरी स्वतःच्या कानानं निवडलेलं असतं, कलाकाराला गाठून पैसे देतात, आणि एक अल्बम आवडला की त्याच माणसाच्या निवडीतले पुढचे दहा समोर असतात. पश्चिम आफ्रिकेचं जुनं फंक, म्हणजे ठेक्यावर नाचायचं संगीत, पाहिजे तर अ‍ॅनालॉग आफ्रिका हे लेबल, इथिओपियात खोल जायचं तर ‘इथिओपिक्स’ ही अल्बमची मालिका.

भाषा कळत नाही म्हणून बिचकू नका. आपल्या सोलापुरात पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, न कळणाऱ्या गाण्यांवर आपण वरातीत नाचलोय की ओ. आणि सूर तर ओळखीचेच निघतात, इथिओपियातल्या तिझिता स्वरमेळाचा एक प्रकार म्हणजे आपल्या भूपाचेच पाच स्वर.

ही बहुतेक लेबलं बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर सापडतात. आधी फुकट ऐकता येतं, पटलं तर डिजिटल अल्बम साधारण ७ ते १० डॉलरला, म्हणजे सहाशे ते नऊशे रुपये. कार्डाचं इंटरनॅशनल पेमेंट आधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून घ्या, बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतं. महाग वाटेल, पण फाइल कायमची तुमची, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना रेंज गेली तरी चालूच राहतं. व्हिनाइलच्या नादाला मात्र सुरुवातीला लागू नका. बाहेरून मागवायचं म्हणजे शिपिंग धरून हजारांत जातं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तबकडी वाकायची भीती वेगळीच.

घरात रागदारी ऐकणारं कुणी असेल तर पहिला अल्बम चरणजित सिंग यांचा लावा. मुंबईत केलेला, १९८२ चा, डिस्को ठेक्यावर सिंथेसायझरनं वाजवलेले दहा राग, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, २०१० ला परत निघाल्यावर जगभरचे लोक वेडे झाले. त्यात भूपाली, म्हणजे आपला भूपच, आहे, ती ऐकून झाली की लगेच मेर्गिया लावा.