नेदरलँड्स, बेल्जियम की चायनीज तैपेई: कॉर्फबॉल शिकायला कोणाचे सामने पाहावेत?

कॉर्फबॉल म्हणजे खांबावरच्या टोपलीत चेंडू टाकायचा, स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांचा खेळ; मैदानाचे दोन विभाग आणि प्रत्येकात दोन्ही संघांचे चार-चार खेळाडू. संघाला दाखवायला सामने निवडताना प्रशिक्षक आधी नेदरलँड्सकडे वळतो. आकडेच तसे आहेत. १९७८ ते २०२३ या काळात १२ विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाल्या आणि त्यांतल्या ११ त्यांनी जिंकल्या. वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांची जागतिक स्पर्धा) १९८५ ते २०२२ दरम्यान कॉर्फबॉलचं सुवर्णपदक दुसऱ्या कोणाला मिळालेलंच नाही. पण जिंकणारा संघ आणि शिकवणारा संघ एकच असतो, असं नाही.

नेदरलँड्सचा मोठा आधार रीबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडणं. टोपली ३.५ मीटर उंच, मागे फळी नाही, त्यामुळे हुकलेला चेंडू कुठेही पडतो. तो टोपलीला लागला की फेकीसाठी मिळणाऱ्या २५ सेकंदांचं घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून चालू होतं. खांबाखाली पक्का खेळाडू असेल तर एकाच चढाईत दोन-तीन फेकी मिळतात, म्हणून बाकीचे निर्धास्त फेकतात. नवखा संघ नेमकी ही निर्धास्त फेक उचलतो आणि खांबाखालची जागा मोकळी सोडतो. मग प्रत्येक हुकलेली फेक म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याला भेट. तुमच्याकडे उंच, जागा अडवून धरणारे खेळाडू असतील तरच हे सामने आधी घ्या.

चायनीज तैपेईचा, म्हणजे तैवानचा, खेळ पळण्यावर आणि लांबच्या फेकीवर उभा आहे. चेंडू घेऊन धावता येत नाही, टप्पे देता येत नाहीत आणि रक्षक समोर हाताच्या अंतरावर हात वर करून उभा असेल तर फेकलेला गोल धरत नाहीत. तेव्हा सुटायचं ते चेंडू हातात येण्याआधीच. खांब मागच्या रेषेपासून ६.६७ मीटर आत असल्याने त्याच्या मागूनही फेकता येतं. ही मोकळी जागा कशी वापरायची ते इथे शिकावं. २०२३ ला तैपेईतच झालेल्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. तोवरच्या ११ही अंतिम लढती नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्यातच झाल्या होत्या! बुटक्या, चपळ संघाला माझं मत सरळ तैपेईला. फक्त दम हवा: १० मिनिटांचे चार डाव, तेही घड्याळ थांबवत. दम संपला की आधी पाय मंदावतात, मग अडवलेल्या फेकी वाढतात.

बेल्जियमचं एकमेव विश्वविजेतेपद १९९१ चं, अँटवर्पमधलं. त्या सामन्याचं कौतुक जरूर करा, पण डावपेचांसाठी तो कामाचा नाही. तेव्हा फेकीचं घड्याळच नव्हतं, चेंडू बराच वेळ फिरवता येई. त्यांचे अलीकडचे सामने पाहायचे ते बचावासाठी. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रीच अडवते, त्यामुळे वरचढ संघासमोर कोणाला कोणाच्या अंगावर सोडायचं हा त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे.

कोणताही सामना घ्या, पण पहिल्या पाहण्यात चेंडूवर नजर ठेवू नका. एका विभागातले चार खेळाडू धरा. दोन गोल झाले की विभागांची अदलाबदल होते आणि चढाई करणारे बचावाला येतात. तेव्हा त्यांच्या जोड्या कशा लागतात ते लिहून ठेवा.