सातबारा, सूची दोन आणि चावडी: जमिनीच्या सरकारी ऑनलाइन सूच्यांची झडती

नाशिकच्या मखमलाबाद शिवारात प्लॉट बघायला गेलात की एजंट सातबाऱ्याची झेरॉक्स पुढे करतो आणि 'एकदम क्लिअर आहे' म्हणतो. ती झेरॉक्स बाजूला ठेवा. तपासायला लागणारं बरंचसं सरकारने ऑनलाइन ठेवलंय, तेही बहुतेक फुकट. अडचण अशी की ते एका जागी नाही आणि प्रत्येक सूचीची किल्ली वेगळी. सातबारा जमिनीच्या नंबरावर लावलेला, आठ-अ खातेदारावर, नोंदणी विभागाचं ई-सर्च दस्तावर, तर आपली चावडी फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीच्या, क्रमावर. चुकीच्या सूचीत प्रश्न विचारला की काहीच सापडत नाही, आणि माणूस समजतो की जमिनीवर काही भानगड नाही.

सुरुवात महाभूलेखपासून, म्हणजे सातबारा दाखवणाऱ्या सरकारी पोर्टलपासून. विभाग नाशिक निवडला की नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे पाच जिल्हे येतात. आपल्या जिल्ह्याचे पंधरा तालुके. इथे सटाणा शोधत बसू नका, यादीत बागलाण आहे. गावाच्या नावाला जास्त लोक अडखळतात. इंदिरानगर, कॉलेज रोड ही पत्त्यातली नावं, महसुली गावं नव्हेत, त्यामुळे यादीत सापडणार नाहीत. करारनाम्यातल्या मिळकतीच्या वर्णनात 'मौजे' या शब्दापुढे जे लिहिलंय तेच गाव निवडायचं. पिंपळगावचा घोळ तर ठरलेला: नाशिक तालुक्यातच पिंपळगाव खांब आणि पिंपळगाव बहुला, आणि बसवंत निफाडात.

गट नंबराच्या चौकटीत फक्त मूळ आकडा टाका. समजा उताऱ्यावर ८८/२/प्लॉट/१४ असं आहे, तर नुसतं ८८ टाकून शोधा दाबा. खाली त्या नंबराचे सगळे पोटहिस्से येतील, त्यातून आपला निवडायचा. पूर्ण नंबर टाकायला गेलं की तिरकी रेघ, टिंब, 'अ' कुठे, अधिकचं चिन्ह कुठे, यात जुळणी फसते. आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर असेल आणि गावात जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले असतील, तर तो जुना आकडा चालणार नाही. चालला तर जास्त वाईट, कारण भलत्याच माणसाचा उतारा उघडेल. जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या गटवारी उताऱ्यात बघावं लागतं.

नावावरून शोधायची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. नाव मराठीत टाकायचं आणि ते उताऱ्यावर जसं चढलंय तसंच जुळायला हवं. पाटील कुठे 'पाटिल' झालेला असतो, कुठे नावाला 'उर्फ' चिकटलेलं, कुठे मागे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) किंवा ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) लागलेलं. शिवाय शोध एका गावापुरताच. सिन्नरला एक आणि निफाडला दुसरी जमीन असणाऱ्याची 'सगळी जमीन दाखव' असं विचारायची वाटच नाही. आठ-अ हा खातेदाराचा उतारा, पण तोही गावनिहायच. सूची जमिनीभोवती बांधली, माणसाभोवती नाही, त्याचा हा परिणाम.

उतारा उघडल्यावर नावाआधी एकक वाचा. २०२० सालच्या नव्या नमुन्यात शेतीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं, बिनशेतीचं आर, चौरस मीटरमध्ये. म्हणजे २.४० हा आकडा शेतीच्या उताऱ्यावर २ हेक्टर ४० आर, जवळपास ६ एकर. बिनशेतीच्या उताऱ्यावर तोच आकडा २ आर ४० चौरस मीटर, म्हणजे २४० चौरस मीटर, साधारण २५८३ चौरस फूट. बिनशेतीला गाव नमुना बारा नसतो, त्यामुळे खालचा अर्धा भाग गायब दिसला तर घाबरायचं कारण नाही.

मग तीन गोष्टी: प्रलंबित फेरफाराची नोंद, शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक, आणि इतर हक्काचा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा या तिसऱ्या रकान्यात असतो. आडवी रेघ मारलेली नावं कमी झालेल्यांची. ती वाचायची टाळू नका, कारण जमीन कोणाकडून कोणाकडे आली ते तिथूनच कळतं. आणि भूधारणा पद्धतीपुढे 'भोगवटादार वर्ग २' (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

महाभूलेखची फुकट प्रत फक्त माहितीसाठी. बँकेला, कोर्टाला डिजिटल सहीचा सातबारा लागतो, त्याचे १५ रुपये. आधी खात्यात पैसे भरून ठेवायचे आणि त्यातून उतारे काढायचे. पैसे बँकेतून गेले आणि खात्यात दिसत नाहीत, असं झालं तर लगेच पुन्हा भरू नका. पावतीवरचा पीआरएन, म्हणजे पेमेंटचा संदर्भ क्रमांक, टाकून पेमेंटची स्थिती तपासायची सोय तिथेच आहे. डाउनलोड केलेली फाइल मात्र ताबडतोब जपून ठेवा, ती पोर्टलवर कायम राहत नाही. उताऱ्यावरच्या पडताळणी क्रमांकाने समोरचा माणूसही तो खरा की खोटा हे तपासू शकतो. कोणी रंगीत प्रिंट दाखवली तर तो क्रमांक टाकून बघायला मिनिटही लागत नाही.

आता ई-सर्च. सगळ्यात कामाची सूची हीच आणि वापरायला सगळ्यात खडबडीतही हीच. ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५५ मध्ये चार सूच्या सांगितल्यात: पहिली स्थावराच्या दस्तांतल्या माणसांच्या नावांची, दुसरी मिळकतींची, तिसरी मृत्युपत्रांची, चौथी संकीर्ण दस्तांतल्या नावांची. आपण 'इंडेक्स टू' म्हणतो ती यातली दुसरी. कलम ५७ प्रमाणे पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे स्थावराच्या दस्तांच्या, सूच्या शुल्क भरून कोणालाही पाहता येतात, मृत्युपत्रांच्या नाहीत. म्हणून ई-सर्चवर मृत्युपत्र शोधून सापडलं नाही, तर त्याचा अर्थ मृत्युपत्र नाही असा होत नाही. नोटरीकडे केलेलं साठेखत तर कुठल्याच सूचीत येत नाही. नाशिकच्या प्लॉटच्या व्यवहारांत तेच जास्त नडतं.

मोफत शोधात मुंबई, उर्वरित महाराष्ट्र आणि शहरी क्षेत्र असे विभाग आहेत. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरायचा. पहिल्यांदा शोधा दाबलं की बऱ्याचदा निकालाऐवजी नवा कॅप्चा येतो, तो पुन्हा भरा. इथे चूक आपली नसते. शोध एका वेळी एकाच वर्षाचा, त्यामुळे वीस वर्षं तपासायची तर वीस फेऱ्या. आणि 'मिळकत क्रमांक' ही एकच चौकट सर्व्हे, गट, सिटी सर्व्हे आणि प्लॉट या सगळ्यांसाठी. १४ टाकलं तर १४ नंबरचा प्लॉट येईल, तसाच भलत्या गटातलाही. म्हणून निकालात मिळकतीच्या वर्णनाचा रकाना अक्षरशः वाचावा लागतो. ८८ आणि १४ दोन्हींवर वेगवेगळा शोध घ्या, कारण दस्त टंकणाऱ्याने कोणता आकडा कुठे बसवला याची खात्री नसते. ब्राउझरने पॉप-अप अडवला असेल तर सूची दोनचं बटण दाबूनही काही उघडत नाही. तो आधी मोकळा करा.

सूची दोनमध्ये चौदा बाबी असतात. दुसरी मोबदला, तिसरी बाजारभाव. चौथीत भूमापन, पोटहिस्सा आणि घर क्रमांक, पाचवीत क्षेत्रफळ. सातवीत करून देणारा, आठवीत करून घेणारा. नववी दस्त केल्याची तारीख आणि दहावी नोंदणीची. या दोन तारखांत चार महिन्यांपर्यंत अंतर कायद्याला मान्य आहे, त्यामुळे मधल्या काळात त्याच मिळकतीवर दुसरा दस्त झालाय का ते बघावं. सर्वांत आधी पहिली बाब, विलेखाचा प्रकार: खरेदीखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, गहाणखत. कर्जासाठी मूळ कागद बँकेत ठेवले असतील तर त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन निघते. २०१३पासून ती तीस दिवसांत दाखल करायची असते, आणि ती ई-फायलिंग या वेगळ्या प्रकारात पडते. दस्त क्रमांकाने शोधताना 'रेग्युलर'वरच थांबलात तर ती निसटेल.

या सगळ्या सूच्यांना जोडणारा धागा एकच: क्रमांक. सातबाऱ्यावर नावापुढे कंसात फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, उघडला की कोणत्या दस्ताने नोंद झाली ते मिळतं. त्या दस्त क्रमांकाने ई-सर्चवर सूची दोन काढायची. दस्ताचे आकडे दर वर्षी एकपासून सुरू होतात आणि शहरात दुय्यम निबंधकांची कार्यालयं अनेक, त्यामुळे नुसता '१२३४' निरुपयोगी. कार्यालय, क्रमांक आणि वर्ष ही तिन्ही हवीत. तीन ठिकाणचं क्षेत्र आणि नावं जुळली तर साखळी पक्की. सूची दोनमध्ये २४० चौरस मीटर आणि सातबाऱ्यावर २२५ दिसले, तर उरलेले १५ रस्त्यात गेले, मोजणीत गेले की टंकताना, हे विकणाऱ्याने कागदानिशी सांगायचं.

नोंदणी झाली म्हणजे सातबारा बदलला, हा समज काही जात नाही. दस्त नोंदल्यावर माहिती ई-फेरफारकडे जाते, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोटीस काढतात, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा रद्द करतात. हा मधला काळ आपली चावडीवर दिसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडा: फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, हरकतीची शेवटची तारीख आणि गट. ना शुल्क, ना लॉगिन. इतकी साधी आणि इतकी दुर्लक्षित सरकारी सेवा दुसरी दाखवा. दिंडोरीत जमीन आणि नोकरी पुण्यात, अशांनी तर दहा-बारा दिवसांनी एकदा आपल्या गावाची चावडी उघडावीच. महिन्याने बघितलंत तर हरकतीची मुदत टळून गेलेली असेल, आणि मग प्रांताकडे अपील करावं लागेल.

जुन्या कागदांसाठी 'आपले अभिलेख' हे सरकारी पोर्टल. स्कॅन केलेले अभिलेख सुरुवातीला ज्या सात जिल्ह्यांत खुले झाले त्यात नाशिक होतं, हे आपलं नशीब. हस्तलिखित सातबारे, फेरफार नोंदवह्या तिथे मिळतात. मात्र ही सूची प्रतिमांची आहे, आतल्या मजकुराची नाही. नाव टाकून काही सापडणार नाही. गाव, कागदाचा प्रकार आणि नंबर टाकून फाइल काढायची आणि पानं डोळ्यांनीच चाळायची. हस्तलिखितात कमी झालेल्या नावाला कंस असतो, तो फिका असेल तर नाव शाबूत वाटतं. शंका आली की त्यापुढचा फेरफार काढून ताडून बघा.

शहराच्या गावठाणात बहुतेक मिळकतींना सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हे नंबर असतो. महाभूलेखवर ती वेगळी निवडावी लागते. दावा चालू आहे का हे यातली कुठलीच सूची खात्रीने सांगत नाही. त्यासाठी ई-कोर्ट्सवर नाशिक जिल्हा न्यायालय निवडून विकणाऱ्याच्या नावाने वर्षावर्षाचा शोध घ्यावा लागतो. तिथे नाव इंग्रजीत टाकणार असाल तर सगळी स्पेलिंगं करून बघा, आडनाव आधी आणि नंतर असं दोन्ही क्रमाने.

ई-सर्चवर संगणकीकरणाच्या आधीचे दस्त मिळतील अशी अपेक्षा धरू नका. तीस वर्षांचा शोध अहवाल हवा असेल तर सुरुवातीच्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून सूचीची पुस्तकंच बघावी लागतात. ऑनलाइन निघालेल्या सूची दोनच्या खालीही मूळ प्रतीसाठी संबंधित कार्यालयाशी संपर्क साधा, अशी टीप छापलेली असते. बँकेच्या वकिलाला तीच मूळ प्रत लागते.