जास्तीच्या रकमेचा चेक: नव्या कॉलेज क्लबांनो, असा स्पॉन्सर आला तर थांबा

कॉलेजात नवा क्लब काढणाऱ्यांनी हे वाचावं, त्यातही ज्यांच्या क्लबचं अजून स्वतःचं बँक खातं नाही त्यांनी जरूर वाचावं. आमच्या आकाशदर्शन क्लबचा पहिला कार्यक्रम व्हायच्या आधीच आम्हाला एका बनावट स्पॉन्सरने गंडवलं. गेलेली रक्कम परत आलेली नाही आणि येईल अशी आशाही मी सोडली आहे.

क्लबला मान्यता मिळाली की पैसेही मिळतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. सदस्यांची यादी, क्लबची घटना, समन्वयक प्राध्यापकांची सही, विद्यार्थी परिषदेची मंजुरी एवढं झालं की क्लब कागदावर उभा राहतो. निधी मात्र पुढच्या अंदाजपत्रकात. तोवर दुर्बीण भाड्याने आणायची, पोस्टर छापायचे, वक्त्याचा प्रवासखर्च द्यायचा, तो कशातून? वर्गणीतून. आणि वर्गणी ठेवायची कुठे? खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात. आमच्याकडे तसंच होतं, आणि ओळखीच्या बहुतेक नव्या क्लबांकडेही तसंच चालतं. नावाला कॉलेज, व्यवहाराला एक विद्यार्थी. भामट्याला नेमकी हीच फट हवी असते. कॉलेजच्या नावामुळे गोष्ट खरी वाटते आणि पैसे एका मुलाच्या खात्यातून, कुणाच्या दुसऱ्या सहीशिवाय, बाहेर काढता येतात.

आम्ही स्पॉन्सरशिपची पत्रं भरपूर ठिकाणी पाठवली होती. उत्तर आलं ते जिला पत्र पाठवलंच नव्हतं अशा कंपनीकडून. ‘सोशल मीडियावर तुमचं पोस्टर पाहिलं,’ असं लिहिणारा स्वतःला मार्केटिंग अधिकारी म्हणवत होता. कंपनीचं नाव खरं आणि नावाजलेलं. लोगो, पत्ता, ईमेलखालची सही, सगळं जिथल्या तिथे.

मग फोन सुरू झाले. सचिव म्हणून बोलायला मी होते. माणूस गोड बोलायचा. ‘मॅडम, मी पण कॉलेजात असताना असाच क्लब काढला होता, एक जण मदतीला आला नाही.’ आता लक्षात येतं की त्याने कार्यक्रमाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यानंतर खऱ्या स्पॉन्सरशी बोलले तेव्हा फरक कळला. किती मुलं येणार, लोगो कुठे आणि केवढा, स्टॉलला जागा देणार का, फोटो कधी पाठवणार, असं विचारून खरा स्पॉन्सर जीव नकोसा करतो, आणि एवढं करून पैसे देतो तेही पावती आणि पत्र घेऊन. या गृहस्थांचा प्रश्न एकच: ‘चेक कुणाच्या नावाने काढू?’

मी कॉलेजचं नाव सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘काढतो की. पण मग लेखा विभागात महिनाभर पडून राहील बघा. कार्यक्रम होऊन जाईल आणि तुम्ही सह्यांसाठी फिरत बसाल. त्यापेक्षा खजिनदाराच्या नावाने देतो.’ लेखा विभागात एकदा तरी रांग लावलेल्या माणसाला हे पटणारच. त्याच्या बोलण्यातला हा भाग शंभर टक्के खरा होता, आणि तोच त्याने वापरला.

चेक कुरियरने आला. जाड कागद, कंपनीचं छापील नाव, दोन सह्या. रक्कम ठरल्याच्या जवळजवळ दीडपट. आम्ही विचारायच्या आधीच त्याचा फोन: ‘त्यात आमच्या टीशर्ट-बॅनरवाल्याचे पैसेही आहेत. दोन चेक कशाला, म्हणून एकच काढला. तुमचे तुम्ही ठेवा, वरचे त्याला पाठवून द्या.’ खजिनदाराने चेक भरला आणि थोड्याच दिवसांत ॲपवर रक्कम दिसायला लागली. लगेच टीशर्टवाल्याचे मेसेज सुरू. आज संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर छपाईचा नंबर जाईल, माल वेळेत मिळणार नाही वगैरे. वरची रक्कम गेली. त्यानंतर चेक न वटता परत आला. तो बनावट होता.

इथे बहुतेक जण विचारतात की पैसे खात्यात जमा झाले होते ना, मग परत कसे गेले? सगळी मेख इथेच आहे. चेक भरल्यावर तो ज्या बँकेवर काढलेला असतो तिच्याकडे जातो आणि तिने होकार दिल्यावर खऱ्या अर्थाने वटतो. पण ग्राहकाची अडचण होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी बँका रक्कम आधीच खात्यात दाखवतात, कधी कधी काढूही देतात. अमेरिकेत तर 1987 च्या कायद्याने बँकांना ठरावीक मुदतीत ती वापरायला खुली करावी लागते. खोटा चेक उघडकीला यायला याहून जास्त वेळ लागू शकतो, विशेषतः त्यावर एखाद्या खऱ्या कंपनीचा खरा खातेक्रमांक छापलेला असेल तर. तो परत आला की बँक पूर्ण रक्कम चेक भरणाऱ्याच्या खात्यातून वळती करून घेते. तुम्ही मध्ये जे पुढे पाठवलं ते तुमच्या खिशातून गेलं. भामट्याने स्वतःचा छदामही घातलेला नसतो. टीशर्टवाला म्हणजे अर्थातच तोच, किंवा त्याचा साथीदार.

आमच्या खजिनदाराचं खातं उणे झालं, वर चौकशीसाठी गोठवलं गेलं. वसतिगृहाची फी भरायला घरून आलेले पैसे त्याच खात्यात होते. बनावट चेक त्याच्या नावाने भरला गेला असल्यामुळे बँकेला आधी त्यालाच प्रश्न विचारावे लागले. कॉलेजने विचारलं, क्लबच्या कामाचा चेक वैयक्तिक नावाने का? सगळ्यात वाईट म्हणजे आमच्यातल्याच दोघातिघांनी कुजबुज सुरू केली की यात त्याचाही हात असेल. तो मिटिंगला यायचा बंद झाला. पैशाचं एक वेळ सोडून देता येईल, या कुजबुजीचा राग मला अजून आहे.

ईमेलचा पत्ता नंतर मी मोठा करून पाहिला. कंपनीच्या नावात जिथे इंग्रजी ‘एम’ हवा तिथे ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी होते. फोनच्या छोट्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन केला, तर पलीकडच्या बाईंना आश्चर्यही वाटलं नाही. अशी चौकशी त्यांच्याकडे आधीही आली होती. हा फोन चेक भरण्याआधी करायचा असतो, आणि तो पत्रावरच्या नंबरवर कधीच करायचा नाही, कारण तिथे भामट्याचाच माणूस उचलतो.

असा चेक हातात पडलाच तर समन्वयक सरांना किंवा मॅडमना दाखवून कॉलेजच्या खात्यातच भरा, कितीही दिवस लागू देत. रक्कम ठरल्याहून जास्त असेल तर भरूच नका, योग्य रकमेचा नवा मागवा. ‘वरचे परत करा’ किंवा ‘पुढे पाठवा’ म्हणणारा खरा स्पॉन्सर मी तरी पाहिलेला नाही. चेक भरून बसला असाल तर बँकेला लेखी विचारा: हा चेक अंतिमरीत्या वटला आहे का? ‘खात्यात दिसतोय’ हे त्याचं उत्तर होत नाही. पैसे पाठवून झाले असतील तर त्याच क्षणी दोन्हीकडच्या बँकांना कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि चेकचा फोटो, कुरियरचं पाकीट, मेसेज यातलं काहीही पुसू नका. आमच्यातल्या एकाने रागाच्या भरात त्याचा नंबर ब्लॉक करून सगळं संभाषण उडवलं होतं. तक्रार देताना ते नेमकं लागलं.

तक्रार दिल्यावर काही काळाने आणखी एक फोन आला. ‘तुमचे पैसे कुठे अडकलेत ते आम्हाला सापडलंय, प्रक्रिया शुल्क भरलं की सोडवून देतो.’ आधी थोडे द्या, मग घबाड मिळेल, ही बतावणी 19 व्या शतकात ‘स्पॅनिश कैदी’ नावाने पत्रांतून चालायची. आता ती एकदा फसलेल्यांनाच पुन्हा गाठते, कारण अशा लोकांच्या याद्या विकल्या जातात. या माणसाला आमच्या चेकची रक्कम तंतोतंत माहीत होती. मी फोन ठेवला आणि तो नंबरही तक्रारीला जोडला.