फ्युएल सेलच्या उत्प्रेरकासाठी सोन्याची फाइंडर ग्रिड : वर्षभराच्या वापरानंतर

फ्युएल सेलमधील, म्हणजे इंधनापासून रासायनिक क्रियेने थेट वीज बनवणाऱ्या घटातील, प्लॅटिनम उत्प्रेरकाचा ऱ्हास हा माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा विषय असल्याने, कार्बनचा पातळ पापुद्रा असलेल्या सोन्याच्या फाइंडर ग्रिड मी वर्षभर वापरत आहे. ही जाळी जेमतेम ३ मिलिमीटर व्यासाची. परंतु तिच्यावर अक्षरे आणि अंक कोरलेले असल्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिलेली चौकट महिन्याभरानेही नेमकी सापडते.

नेहमीच्या टीईएम (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) तपासणीत ताज्या आणि वापरलेल्या उत्प्रेरकाचे वेगवेगळे नमुने पाहून कणांचा सरासरी आकार काढतात. आकार ३ नॅनोमीटरवरून ५ वर गेला एवढे त्यातून कळते. पण शेजारचे कण सरकून एकमेकांत मिसळले, की लहान कण विरघळून त्यांचे प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसले, याचा उलगडा होत नाही. तोच कण आधी आणि नंतर पाहण्याची पद्धत २००८ साली जर्मनीत मांडली गेली, आणि ती या ग्रिडशिवाय फार अवघड आहे.

उत्प्रेरक लावलेल्या ग्रिडलाच ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्लात ०.६ ते १.० व्होल्टच्या दरम्यान विद्युत विभवाची ५,००० आवर्तने (वर-खाली फेऱ्या) दिल्यावर मी पुन्हा त्याच चौकटीत पाहिले. प्लॅटिनमचे कण ज्यांवर बसवलेले असतात अशा कार्बनच्या एका गोळीवर आधी सात कण होते, आता चार उरले होते : दोघांचा मिळून एक झाला होता, दोन नाहीसे झाले होते आणि तीन जागेवर होते. गोळीचा आकार मात्र तसाच होता. ती दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा आजवर केवळ वाचलेला ऱ्हास मला पहिल्यांदा दिसला.

तांब्याची ग्रिड बरीच स्वस्त पडते, पण या विभवांना तांबे आम्लात विरघळून नमुनाच दूषित करते, म्हणून तिथे काटकसर करू नये. सोने मऊ असल्याने चिमट्यात जरा जोर पडला तरी ग्रिड वाकते आणि पापुद्रा फाटतो. आमच्या एका खोक्यातील कित्येक ग्रिडचे पापुद्रे तर उघडतानाच फाटलेले निघाले आणि विक्रेत्याने त्या बदलून देण्यास नकार दिला. तेव्हापासून खोके हाती येताच प्रत्येक ग्रिड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. इलेक्ट्रॉन झोताचाही नमुन्यावर परिणाम होतो, त्यामुळे आधी कधीच न पाहिलेली एक चौकट मी शेवटच्या तुलनेसाठी राखून ठेवते. या दोन सवयी असतील, तर किंमत जास्त असूनही पुढच्या तुकडीतील विद्यार्थ्यांनी हीच ग्रिड मागवावी.