होम नॅसवरील आयस्कझी: अकरा महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः जागेच्या हिशेबाविषयी

मागील महिन्यात एका रात्री व्हिडिओच्या फाइली कॉपी होत असताना काम मधेच थांबले आणि नॅसवरची (घरातल्या नेटवर्कवर सर्वांना जागा पुरवणाऱ्या डिस्क-पेटीवरची), आयस्कझीने म्हणजे नेटवर्कवरून स्वतःची डिस्क असल्यासारखी जोडलेली डिस्क ‘केवळ वाचन’ स्थितीत गेली. संगणकाच्या मते त्या डिस्कवर १.१ टेराबाइट जागा मोकळी होती, तर नॅसच्या पडद्यावर पूल (त्यातल्या सर्व डिस्कची एकत्रित जागा) पूर्ण भरल्याचा लाल इशारा दिसत होता. एकाच जागेविषयीचे हे दोन परस्परविरोधी दावे, आणि दोन्ही आपापल्या परीने खरे. अकरा महिने समाधानाने वापरलेल्या व्यवस्थेविषयी लिहायला मी बसलो तो या विसंगतीमुळे. त्यामुळे वेग, सुरक्षा, जोडणी या गोष्टी इथे थोडक्यात येतील आणि जागेचा हिशेब मात्र सविस्तर येईल.

आधी मांडणी सांगतो, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर अवलंबून आहेत. नॅसमध्ये ४ टेराबाइटच्या ३ डिस्क असून त्यांवर झेडएफएस या साठवण-व्यवस्थेचा रेड-झेड-१ (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारा) पूल आहे. एका डिस्कइतकी जागा पॅरिटीत, म्हणजे बिघडलेला डेटा पुन्हा उभा करण्याच्या माहितीत, गेल्यावर आणि उरलेली जागा १०२४ च्या पटीने मोजल्यावर हाती सुमारे ७.१ टेराबाइट येतात. त्यांपैकी १.४ टेराबाइट घरातल्या सर्वांच्या शेअर फोल्डरकडे होते, आणि ४ टेराबाइटचा एक थिन लन (लागेल तशी जागा घेणारी आभासी डिस्क) तयार करून तो मी माझ्या लिनक्स संगणकाला जोडला होता. लनवर एक्स्ट-फोर ही फाइल सिस्टीम (फाइली कुठे आहेत याच्या नोंदी ठेवणारी व्यवस्था) आहे, मधे गिगाबिट स्विच आहे आणि या मार्गावर वाय-फाय कुठेही नाही.

साधा शेअर असताना आयस्कझी कशासाठी, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मोठ्या फाइलींच्या बाबतीत त्याचे उत्तर निराशाजनक आहे, कारण गिगाबिटची सैद्धांतिक मर्यादाच सेकंदाला १२५ मेगाबाइट आहे आणि शेअर असो वा लन, मला दोन्हीकडे ११० च्या आसपासच वेग मिळतो. फरक पडतो तो लहान फाइलींमध्ये. सुमारे १,२०,००० लहान फाइलींचे एक प्रोजेक्ट शेअरवर कॉपी करायला ४० मिनिटे लागत होती; लनवर तेच काम ६ मिनिटांत झाले. शेअरवर प्रत्येक फाइल उघडताना, तिचे गुणधर्म विचारताना आणि ती बंद करताना संगणकाला सर्व्हरकडे फेरी मारावी लागते, तर लनच्या बाबतीत फाइल सिस्टीम संगणकाच्याच ताब्यात असल्याने ही सर्व कामे स्थानिक मेमरीत होतात आणि नेटवर्कवरून केवळ ब्लॉक (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) जातात. छायाचित्रांचा कॅटलॉग आणि आभासी यंत्रांच्या (संगणकाच्या आत चालणाऱ्या संगणकांच्या) डिस्क, ज्या शेअरवर कायम कुरकुरत होत्या, त्या लनवर पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालल्या. तो आनंद खरा होता आणि आजही तसाच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लन म्हणजे नॅसच्या दृष्टीने केवळ क्रमांक दिलेल्या ब्लॉकांची रांग असते. त्यात कोणती फाइल आहे, कोणती हटवली गेली, यांपैकी काहीही नॅसला कळत नाही. थिन लन सुरुवातीला जवळजवळ शून्य जागा घेतो आणि ज्या ब्लॉकवर पहिल्यांदा लिहिले जाते त्यासाठी तेव्हाच जागा राखतो. आपण फाइल हटवली की एक्स्ट-फोर आपल्या नोंदींमध्ये ते ब्लॉक मोकळे झाल्याचे लिहून ठेवते, परंतु ती बातमी नॅसपर्यंत आपोआप जात नाही. व्हिडिओच्या फाइली येत-जात राहिल्या, फाइल सिस्टीम नवनव्या ठिकाणी लिहीत गेली, आणि अकरा महिन्यांत चारही टेराबाइटना कधी ना कधी स्पर्श होऊन गेला. प्रत्यक्ष उपयोगातला डेटा २.९ टेराबाइट असताना नॅसच्या लेखी संपूर्ण लन भरलेला होता. शेवटी पूलमध्ये जागा न उरल्याने नॅसने लिखाण नाकारले, फाइल सिस्टीमला स्वतःची जर्नलही (बदलांची नोंदवहीही) लिहिता येईना, आणि डेटा बिघडू नये म्हणून तिने डिस्क ‘केवळ वाचन’ केली. त्या क्षणी तिने केले ते योग्यच होते.

ज्या कंपनीचा हा नॅस आहे तिच्या ग्राहक सेवेला मी तीन वेळा लिहिले. पहिले उत्तर असे होते की पूल भरला आहे, मोठ्या डिस्क घ्याव्यात. दुसरे उत्तर असे की लन हटवून नवा तयार करावा. माझा प्रश्न साधा होता: मी हटवलेल्या फाइलींची जागा परत का मिळत नाही? त्याचे उत्तर तिन्ही पत्रांत आले नाही. चांगल्या स्थितीत चालणाऱ्या तीन डिस्क केवळ हिशेब लागत नाही म्हणून बदलणे मला मान्य नव्हते आणि आजही नाही. माझ्या मालकीची १.१ टेराबाइट जागा कुठेतरी अडकून पडली आहे, आणि ती सोडवण्याऐवजी मला आणखी जागा विकत घ्यायला सांगितले जात आहे, ही गोष्ट मनाला फार लागली. त्या आठवड्यात हा अनुभव लिहिला असता, तर घरगुती वापरासाठी आयस्कझी घेऊ नये असेच मी लिहिले असते.

ते मत बदलले ते एका खुणेमुळे. हटवलेल्या ब्लॉकची बातमी पोहोचवण्यासाठी स्कझी या डिस्कशी बोलण्याच्या आज्ञासंचात ‘अनमॅप’ नावाची स्वतंत्र आज्ञा आहे आणि लिनक्समध्ये ‘एफएस-ट्रिम’ चालवले की फाइल सिस्टीम आपल्याकडच्या मोकळ्या ब्लॉकांची यादी या आज्ञेने धाडते. मी ते चालवून पाहिले तेव्हा ‘ही क्रिया उपलब्ध नाही’ असा संदेश आला. त्यामुळे दोष आयस्कझीचाच असावा असे मला वाटले होते. प्रत्यक्षात आयस्कझी हा केवळ वाहक आहे. स्कझीच्या आज्ञा तो टीसीपी या नेटवर्कच्या नेहमीच्या पद्धतीवरून, सामान्यतः ३२६० या पोर्टवर, जशाच्या तशा नेतो. आज्ञा स्वीकारायची की नाही हे टार्गेटने, म्हणजे लन पुरवणाऱ्या नॅसच्या बाजूने, ठरवायचे असते. लिनक्सच्या कर्नलमधील (गाभ्यामधील) टार्गेटमध्ये अनमॅपची सोय मुळातच बंद ठेवलेली असते आणि ती वेगळी चालू करावी लागते. माझ्या नॅसच्या लन-गुणधर्मांमध्ये, प्रगत पर्यायांच्या दुसऱ्या पानावर, ‘स्पेस रिक्लेमेशन’ (जागा परत मिळवणे) या शब्दांपुढे एक रिकामी चौकट होती. तीत खूण करून, लन तोडून पुन्हा जोडल्यावर संगणकाला ती सोय दिसू लागली.

एवढ्याने काम झाले नाही. डिस्क ‘केवळ वाचन’ असताना ट्रिम चालत नाही, म्हणून आधी शेअर फोल्डरमधील एक जुनी प्रत तिच्या स्नॅपशॉटसह (त्या-त्या वेळची स्थिती जपून ठेवणाऱ्या नोंदींसह) हटवून १५० गिगाबाइट मोकळे केले, फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त केली आणि मग ट्रिम चालवले. अकरा मिनिटांनी १.१ टेराबाइट मोकळे केल्याचा संदेश आला, परंतु नॅसवरचा आकडा हलला नाही. कारण लनचे १४ दिवसांचे दैनंदिन स्नॅपशॉट त्या जुन्या ब्लॉकांना धरून बसले होते. सर्व डेटाची बाहेरच्या डिस्कवर प्रत असल्याची खात्री करून मी लनचे स्नॅपशॉट हटवले, तेव्हा लनचा वापर ५.३ टेराबाइटवरून ३.९ वर आला. मला मनापासून हायसे वाटले.

वाचकांच्या लक्षात आले असेल की हे आकडे अजूनही जुळत नाहीत. चार टेराबाइटच्या लनने ५.३ टेराबाइट कसे व्यापले होते, आणि २.९ टेराबाइट डेटाला आता ३.९ का लागत आहेत? याच प्रश्नावर मी सर्वाधिक संध्याकाळी घालवल्या, आणि लन तयार करणाऱ्या प्रत्येकाने हे गणित एकदा कागदावर करावे असे मला वाटते.

माझा लन ८ किलोबाइटच्या ब्लॉकचा होता. ओपन-झेडएफएसमध्ये (झेडएफएसच्या मुक्त रूपात) २.२ या आवृत्तीपूर्वी हाच मूळ आकार होता. त्या आवृत्तीपासून तो १६ किलोबाइट झाला. माझ्या डिस्कचा सेक्टर (डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा) ४ किलोबाइटचा आहे, म्हणजे ८ किलोबाइटचा एक ब्लॉक दोन सेक्टरांत बसतो. रेड-झेड-१ मध्ये त्यासाठी एक पॅरिटी सेक्टर लागतो, म्हणजे झाले तीन. परंतु रेड-झेड-१ प्रत्येक वाटप दोनच्या पटीत करते, म्हणून चौथा सेक्टर भरणी म्हणून वाया जातो. दोन सेक्टर डेटासाठी चार सेक्टर खर्ची पडतात, म्हणजे डिस्कची निम्मी जागा जाते. हेच १६ किलोबाइटच्या ब्लॉकला लावून पाहा: चार सेक्टर डेटा, दोन पॅरिटी, एकूण सहा. सहा ही संख्या दोनच्या पटीत असल्याने भरणी लागत नाही आणि दोन तृतीयांश जागा डेटाला मिळते, जी तीन डिस्कच्या रेड-झेड-१ कडून आपण अपेक्षितो. नॅस मोकळ्या जागेचा अंदाज मोठ्या ब्लॉकच्या, म्हणजे दोन तृतीयांशच्या, हिशेबाने दाखवत असल्यामुळे ८ किलोबाइटच्या लनमधला प्रत्येक टेराबाइट त्याच्या लेखी १.३३ टेराबाइट होतो. २.९ ला १.३३ ने गुणले की ३.९ येतात. कॉम्प्रेशनने यात काही सुटका होऊ शकते, परंतु छायाचित्रे आणि व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस केलेले असल्याने माझ्या बाबतीत तिचा उपयोग शून्य होता.

याचा अर्थ असा की एक टेराबाइट जागा कोणतेही काम न करता गुंतून पडली होती. लन तयार करताना ब्लॉकच्या आकाराची निवड माझ्यासमोर आलीच नव्हती, आणि हा आकार लन तयार झाल्यावर बदलता येत नाही. ज्या गोष्टीत नंतर दुरुस्ती शक्य नाही ती गोष्ट वापरणाऱ्याला आधी विचारलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून १६ किलोबाइटचा नवा लन करून डेटा हलवण्याचे ठरवले. पूलमध्ये १.९ टेराबाइटच मोकळे होते आणि नव्या लनला २.९ हवे होते, त्यामुळे एका दमात हे शक्य नव्हते. चार रात्री, प्रत्येक रात्री सुमारे ८०० गिगाबाइटपर्यंत डेटा नव्या लनवर नेला, तपासणी-बेरजा (प्रत हुबेहूब आहे का हे सांगणारे चेकसम) जुळवल्या, जुन्या लनवरून तो हटवला आणि ट्रिम चालवून जागा परत मिळवली. त्या काळात लनचे स्नॅपशॉट बंद ठेवले. ज्या आज्ञेच्या अभावी सगळा पूल अडला होता, तिच्याच आधाराने एकही डिस्क विकत न घेता हे स्थलांतर पार पडले. पाचव्या दिवशी नॅसवर लनचा वापर २.९ टेराबाइट दिसला. दोन्ही आकडे सारखे झालेले पाहून जे समाधान वाटले ते पहिल्या दिवशीच्या वेगापेक्षाही मोठे होते.

मोठ्या ब्लॉकची किंमतही सांगितली पाहिजे. फाइल सिस्टीम ४ किलोबाइटचा तुकडा बदलते तेव्हा झेडएफएसला संपूर्ण १६ किलोबाइटचा ब्लॉक नव्याने लिहावा लागतो. आभासी यंत्रातल्या डेटाबेसला याचा थोडा फटका बसतो; छायाचित्रे आणि व्हिडिओंच्या कामात मला फरक जाणवला नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लन एका वेळी एकाच संगणकाने वापरायचा असतो. एक्स्ट-फोर किंवा एनटीएफएस या फाइल सिस्टीमना दुसरा लेखक अपेक्षितच नाही, आणि दोन संगणकांनी एकाच वेळी तो माउंट केला (वापरासाठी उघडला) तर डेटा नक्की बिघडतो. म्हणून टार्गेटवर केवळ माझ्या इनिशिएटरच्या (लन जोडून घेणाऱ्या संगणकाच्या) नावाला परवानगी दिली आहे. आयस्कझीतल्या चॅप या ओळख-पद्धतीचा पासवर्ड ओळख पटवतो, वाहतूक एन्क्रिप्ट करत नाही, त्यामुळे हे सारे घरातल्या नेटवर्कपुरतेच ठेवावे. नॅस अद्ययावत करण्यासाठी पुन्हा सुरू करताना लन आधी अनमाउंट करावा, कारण लिनक्सचा इनिशिएटर तुटलेल्या जोडणीची मुळात १२० सेकंदच वाट पाहतो आणि माझ्या नॅसला उठायला चार मिनिटे लागतात. स्नॅपशॉटमधून एकच फाइल परत हवी असेल तर त्या स्नॅपशॉटचा क्लोन (वापरता येणारी प्रत) करून तो दुसरा लन म्हणून जोडावा लागतो. शेअरवरच्या स्नॅपशॉटइतके ते सोपे नाही, आणि घरातल्या इतरांच्या कागदपत्रांसाठी मी शेअरच ठेवला आहे.

ग्राहक सेवेकडची माझी तक्रार ‘निराकरण झाले’ अशा शेऱ्यासह बंद करण्यात आली. ब्लॉकच्या आकाराचा प्रश्न पहिल्याच पानावर विचारावा ही सूचना मी चौथ्या पत्राने पाठवली असून तिचे उत्तर आलेले नाही. माझ्याकडे ट्रिम आता दर आठवड्याला आपोआप चालते आणि लनचे स्नॅपशॉट १४ ऐवजी ५ दिवसच ठेवतो. या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या संगणकासाठी ५०० गिगाबाइटचा वेगळा लन केला. त्याचा ब्लॉक १६ किलोबाइटचा ठेवला, रिक्लेमेशनची खूण आधीच केली, आणि कोणताही खरा डेटा ठेवण्यापूर्वी त्यावर २० गिगाबाइटची एक फाइल लिहून हटवली. ट्रिमनंतर मिनिटभरात नॅसवरचा आकडा खाली आला, आणि मगच तो लन वापरायला दिला.