फायन्सची नवसाची वस्तू करायचीय: सोडा फुलवून की भुकटीत पुरून?

फायन्स म्हणजे क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) भुकटीची, वर काचेसारखी चकाकी असलेली प्राचीन इजिप्शियन वस्तू. तिथे देर अल-बाहरीच्या देवळात हाथोर देवीला वाहायचे तसली निळी गाय किंवा डोळे-कान कोरलेली पट्टी स्वतः करून बघायची खुमखुमी असेल आणि भट्टी हाताशी असेल, तर प्रश्न पद्धतीचाच उरतो. वरून ग्लेझ (काचेचा लेप) लावायची तिसरी पद्धत सोडून देतो, मला तरी ती रुचली नाही.

एफ्लोरेसन्समध्ये, म्हणजे सोडा फुलवण्यात, सोडा (क्षार) क्वार्ट्झच्या पेस्टमध्येच असतो. वाळताना तो पाण्याबरोबर वर येतो, जुन्या भिंतीला लोणा लागतो तसा, आणि भट्टीत त्याचीच काच होते. इजिप्तमध्ये जास्त काम असंच झालं असावं म्हणतात. सपाट पट्टीला तर मस्तच, इजिप्तमधल्या अमार्नाला पुरातत्त्वज्ञ पेट्रीला सापडले तसल्या मातीच्या साच्यात दाबायची आणि काढायची, पाठ कोरी राहिली तरी कोण बघतंय.

पण एकदा लोणा आला की हात लावायचा नाही! आता साच्यातून काढलेली वस्तू भट्टीत ठेवायची कशी, सांगा? मी मांजर कानाला चिमटीत धरून उचलली, भाजून आली तेव्हा अंग पिरोजासारखं निळं आणि कान खरखरीत पांढरे. चिमटा वापरा, जाळी वापरा, कुठेतरी टक्कल पडतंच, आणि दोरा ओवायच्या भोकाशी तर हमखास. त्यात मुंबईचा पावसाळा म्हणजे लोणा धड येतच नाही.

सिमेंटेशनमध्ये, म्हणजे भुकटीत पुरण्यात, वस्तूत सोडा नसतो, डिंकाच्या पाण्यात मळायची, हवी तशी हाताळायची, मग सोडा, चुना, क्वार्ट्झ, तांबं आणि कोळशाच्या भुकटीत पुरून साधारण 1000 अंशाला भाजायची. इराणच्या कोम शहरात गाढवांच्या गळ्यातले निळे मणी 1960 च्या दशकातही असेच करत होते. भुकटी वस्तूला चिकटत नाही, गार झाल्यावर फोडून काढली की चहूबाजूंनी चमक. भुकटी मात्र खूप लागते, ग्लेझ जरा पातळ येते, आणि गाईवर काळ्या रेघा काढायच्या असतील तर मी इकडे वळणार नाही.

पट्टीच करायची असेल तर सोडा फुलवा, माझी हरकत नाही. पण सिनाईतल्या सेराबित अल-खादिमला 1904-05 मध्ये मोडक्या ‘मेनात’ (जड माळेला मागे लटकवायचं वजन) आणि बांगड्यांचे ढीग मिळाले, तसलं सगळीकडून दिसणारं काही हवं असेल, किंवा ताईत-मणी, तर भुकटीच बरी वाटते मला. फक्त वस्तूभोवती बोटभर तरी भुकटी ठेवा आणि दोन वस्तू एकमेकींना टेकू देऊ नका.