पक्ष्यांसाठी ब्रिज कॅमेरा घ्यावा की जुना डीएसएलआर?

मोठी टेलिफोटो लेन्स आवाक्याबाहेर असेल तर विचार बहुतेक दोन गोष्टींचा होतो: निकॉन पी ९०० सारखा ब्रिज कॅमेरा (मोठा झूम, पण लेन्स बदलता न येणारा), नाहीतर सेकंडहँड कॅनन डीएसएलआर आणि त्यावर ५५-२५० एसटीएम ही झूम लेन्स.

पल्ल्यात पी ९०० ला तोड नाही. त्याचे २००० मिमी, तर क्रॉप (लहान सेन्सरमुळे वाढणारा पल्ला) धरूनही ५५-२५० चे ४००. भिगवणला नाव रोहित पक्ष्यांपासून (फ्लेमिंगो) लांबच थांबवावी (थवा उडवून काढलेला फोटो नकोच), आणि तिथे ओळख पटण्याजोगा फोटो हाच देतो. ऊन चढलं की मात्र पाण्यावरची हवा थरथरते आणि पूर्ण झूमला पिसांचा तपशील पुसला जातो. तो लेन्सचा दोष नव्हे. सकाळी लवकर आटपावं.

माझ्यापुरता निर्णय झाला तो एकाच गोष्टीवर. सलग सात फोटो काढले की ते कार्डवर उतरेपर्यंत पी ९०० अडून बसतो. वेडा राघू फांदीवरून झेप घेतो तेव्हा आपण बर्स्ट मारतो, आणि तो किडा घेऊन त्याच फांदीवर परततो तेव्हा कॅमेरा तयार नसतो. वेगवान कार्डाने थोडा फरक पडतो, पण त्रास जात नाही. शिवाय लेन्सवर फोकसची रिंग नाही, म्हणून कॅमेऱ्याने मागची काटकी धरली तर झटकन सुधारता येत नाही. रॉ फाइलही (सेन्सरची कच्ची, नंतर सुधारता येणारी नोंद) मिळत नाही.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून पक्षी सतत दिसत राहतो. मधला एकच फोकस पॉइंट आणि एआय सर्वो (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस ठेवणारा मोड) ठेवा. फोकस शटरवरून काढून मागच्या चांदणीच्या बटणावर द्या. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/१६००, आयएसओ १६०० पर्यंत. सेन्सर पी ९०० पेक्षा क्षेत्रफळाने साधारण बारापट मोठा, त्यामुळे ताम्हिणीच्या दाट सावलीतही रंग टिकतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला तरी ६ उरतात. ८ बाय १२ इंची प्रिंटला तेवढे चालतात. पक्ष्याच्या जवळ मात्र आपल्यालाच जावं लागतं, तेही दबकत. केवळ नोंदी ठेवायच्या असतील तर पी ९०० कदाचित सोयीचा ठरेल.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत पाहा. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे बारीक पांढरे तंतू असू शकतात. ते दिसले तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.